‘बाई, तुमच्या डोळ्यात कायतरी वळवळता!’

२०२४च्या ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता मी फोनवर ‘डोळ्यात जिवंत किडा’ असं मराठीत टाइप केलं. समोर तीन घरगुती उपाय आले (एकात कांद्याचा रस घालायला सांगितला होता, कृपा करून घालू नका) आणि बाकी सगळे झोप उडवणारे व्हिडिओ. कुठे जायचं, किती पैसे लागतात, नंतर काय होतं, हे मला तरी कुठे सापडलं नाही. म्हणून लिहितेय.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मागे माडा-पोफळींची बाग, तिच्या मागे काजू आणि वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. सड्यावर कोल्हे आहेत. त्यांची कोल्हेकुई सुरू झाली की आमचा कुत्रा खंड्या पडवीतल्या पोत्यावरून उठून चालू लागायचा आणि सकाळी अंगाला चिखल फासून परत यायचा. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

२४ जून, सोमवार. सकाळी उठले तर डाव्या गालाच्या हाडावर सुपारीएवढी सूज. दुखत नव्हती, पण खाजत होती. शाळा नुकतीच सुरू झालेली, पोषण आहाराच्या नोंदी, नवीन प्रवेश. खोबरेल लावलं आणि गेले. तीन दिवसांत सूज उतरली. आठवड्याभराने तशीच वरच्या पापणीवर आली, तीही उतरली. सूज जागा बदलतेय ही सगळ्यात महत्त्वाची खूण होती, पण मला ती कुणाला सांगण्यासारखी वाटलीच नाही. दोन वेगवेगळे डास चावले असतील, एवढंच डोक्यात आलं.

जुलैत डोळा लाल झाला. ११ तारखेला सरकारी दवाखान्यात गेले. तिथे डोळ्यांचे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, हे मला केसपेपरच्या खिडकीवर कळलं. नशिबाने गुरुवार त्यातलाच होता. (आधी फोन करून वार विचारून घ्या. माझ्यामागे उभे असलेले एक आजोबा परुळ्याहून दुसऱ्यांदा आले होते.) मोतीबिंदूवाल्यांच्या रांगेत दीड तास आणि डॉक्टरांसमोर मिनिटभर. आदल्या पावसाळ्यात सगळीकडे डोळे आले होते, त्यामुळे माझेही ‘आले’ ठरले. थेंब पाच दिवस घातले. पण आले असते तर दुसराही डोळा आला असता, घरातही कुणाचे तरी आले असते. लाली उजव्या डोळ्याकडे फिरकली नाही.

२५ जुलैला सावंतवाडीला एका खाजगी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. एसटीला आम्हा बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच दिलासा. तपासणीचे ४००, थेंबांचे ३८५. त्यांनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून नीट पाहिलं, पापणी उलटी करून पाहिलं. ‘ॲलर्जी वाटतेय.’ त्या दिवशी तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच, त्यांना दोष नाही.

१ ऑगस्ट. तिसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज फळ्यावर लिहून मी वळले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा पाटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता.

‘बाई, तुमच्या डोळ्यात कायतरी वळवळता!’

मी म्हटलं, बेरीज कर.

‘ता बगा, वर गेला!’

तोवर सगळा वर्ग उभा. मी ऑफिसात जाऊन कपाटाच्या आरशात पाहिलं. बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्यावर, त्या पातळ आवरणाच्या आत एक बारीक पांढरा दोरा. वळेसार (गजरा) करताना केळीच्या सोपटातून धागा काढतो ना, तसाच. आणि तो सरकत होता. दुखत नव्हतं. डोळा हलवला की तो थांबायचा, मी थांबले की त्याची वेलांटी उलगडायची. मुख्याध्यापक सरांना हाक मारली. त्यांनी पाहिलं, ‘अरे बापरे’ म्हणाले आणि खुर्चीत बसले. आम्हा दोघांच्या हातात मोबाइल होते, पण फोटो काढायचं कुणालाही सुचलं नाही.

मिळाली ती एसटी पकडून तीन वाजता सावंतवाडी. डॉक्टरांनी यंत्रावर पाहिलं. काहीही नाही. पुन्हा पाहिलं, वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. नाही. मला रडू आलं. मला वेड लागलंय असं आता हे म्हणणार, असं वाटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये. हा तसाच असतो. पाच-दहा मिनिटं वर येतो आणि परत मागे, डोळ्याच्या खोबणीत जातो. दिसल्याशिवाय मी कापू शकत नाही. दिसला की व्हिडिओ काढा आणि मला पाठवा, वेळ बघू नका.’

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला: आफ्रिकेत कधी गेला होतात का? मी कोल्हापूरच्या पुढे दोनदा गेलेय, तेही प्रशिक्षणाला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ‘लोआ लोआ’ नावाचा किडा असाच डोळ्यात फिरताना दिसतो, तो एका चावऱ्या माशीतून येतो आणि त्याचा उपचार वेगळा, म्हणून विचारावं लागतं. दुसरा प्रश्न: घरात कुत्रा आहे का?

त्यांनी सांगितलेलं मी शाळेच्या डायरीत मागच्या पानावर उतरवून घेतलं. या जातीचे किडे कुत्र्याच्या कातडीखाली राहतात. मांजरात, कोल्ह्यात, खोकडातही सापडतात. त्यांची सूक्ष्म पिल्लं जनावराच्या रक्तात फिरतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात, तिथे साधारण दीड-दोन आठवडे वाढतात आणि डास पुढे ज्याला चावेल त्याच्या कातडीत शिरतात. कुत्रा असेल तर त्यांचं घर मिळालं. माणूस असेल तर पत्ता चुकला. माणसात बहुतेक वेळा असा एकच किडा वाढतो, महिनोन्‌महिने कातडीखाली भटकतो, आणि त्याची पिल्लं सहसा होत नाहीत. माणसाकडून माणसाला हा जात नाही. म्हणजे जूनमधली ती गालावरची सूज याचीच वाट होती, आणि डास चावला तो बहुधा त्याच्याही कित्येक महिने आधी. आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावर अशा केसेस बऱ्याच नोंदल्या आहेत. दमट हवा, डास आणि मोकळे कुत्रे आपल्याकडेही तेच.

डासातून जंत! मी दरवर्षी मुलांना रोनाल्ड रॉस शिकवते, १८९७, सिकंदराबाद, मलेरिया. त्याच्या २० वर्षं आधी, १८७७ला, पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरने चीनमध्ये डासाच्या पोटात हत्तीपायाच्या जंताची पिल्लं वाढताना पाहिली होती, हे मला डोळ्यात जंत घेऊन बसल्यावर कळलं.

मी विचारलं, जंताची गोळी घेऊ का? शाळेत आम्हीच तर अल्बेंडाझोल वाटतो, ‘चावून खा’ म्हणून समोर उभं राहून. ते म्हणाले, ती आतड्यातल्या जंतांसाठी. इथे औषध म्हणजे चिमटा.

मग सुरू झाला वाट बघण्याचा आठवडा. माझ्यासाठी सगळ्यात वाईट भाग हाच. ऑपरेशन त्याच्यापुढे काहीच नाही. रात्री डोळा मिटायची भीती वाटायची, कारण मिटल्यावर तो काय करतोय ते दिसत नाही. तासातासाला आरशासमोर. स्टाफरूममध्ये एका बाईंनी माझा पाण्याचा पेला हळूच वेगळा ठेवला. मी पाहिलं, बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून घरून बाटली नेली. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं. गुरव काय बोलला ते मला माहीत नाही, पण बरोबर गेलेल्या मुलीने घरी येऊन ‘व्हय म्हाराजा’ची हुबेहूब नक्कल केली आणि त्या आठवड्यात मी एकदाच हसले ती तेव्हा. त्यानंतर सासूबाईंनी निर्णय दिला: ‘ह्या कुत्र्याक आधी खंयतरी लांब न्हेवन सोड.’ नवरा गप्प. खंड्या पायरीवर.

८ ऑगस्ट, गुरुवार, रात्री साडेनऊ. भांडी घासताना डोळ्याच्या कोपऱ्यात ओळखीची खाज आली. मुलीला हाक मारली. तिने टॉर्च लावून व्हिडिओ घेतला, एक मिनिट दहा सेकंद. टॉर्च अगदी डोळ्यावर मारू नका, बाजूने धरा, म्हणजे किड्याची सावली दिसते. पहिल्या व्हिडिओत नुसता उजेड आला होता. डॉक्टरांना पाठवला. अकरा वाजता उत्तर आलं: ‘सकाळी ८ला या. नाश्ता करून या.’

९ ऑगस्टला नागपंचमी होती.

‘उद्या काय चिरूचा नाय, कापूचा नाय. आणि तू डोळो कापूक चल्लंस?’ सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे त्या दिवशी विळीला हात लावत नाहीत. मी नागाची माफी मागितली, मनातल्या मनात, आणि खरंच मागितली. नवऱ्याने रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन १,४००. तिथेही सुदैव असं की तो दिसत होता. डॉक्टरांनी ओपीडीतले पेशंट तसेच बसवून मला आत घेतलं.

भूल फक्त थेंबांची. डोळ्याच्या पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा एक लहानसा चाप लावतात. तो लावताना जरा दडपण येतं, दुखत नाही. वर दिव्याचा पांढरा गोळा. डॉक्टर नर्सला म्हणाले, ‘हलतोय, पटकन दे.’ किड्याच्या बाजूला एक बारीक सुई दिली, तिथेच सुन्न करायला, म्हणजे तोही मंदावतो. ती टोचलेली कळली. मग आवरणाच्या वरूनच त्यांनी त्याला चिमट्यात धरून ठेवलं आणि बाजूला छोटा छेद दिला. मला ओढल्यासारखं वाटलं. दुखण्याचं ओढणं नव्हे. ब्लाउजचा उसवलेला दोरा कुणी अलगद ओढून काढावा आणि तो संपूच नये, तसं. डॉक्टर एका लयीत ‘हां… हां… हां…’ म्हणत होते. घड्याळात बघितलं तर सगळं मिळून २० मिनिटं.

‘बघायचाय?’

बघितला. सलाइनच्या ट्रेमध्ये तो अजून हलत होता. साडेनऊ सेंटिमीटर, नर्सने पट्टी लावून मोजला. इतके दिवस मी त्याला मनात साप करून ठेवलं होतं. समोर होता तो शिवणाचा दोरा. मला त्याचा राग आला नाही. हे असं का, मला सांगता येणार नाही.

बिल ९,०००. थेंब आणि गोळ्या ६४०. डोळ्याला संध्याकाळपर्यंत पट्टी, दोन आठवडे थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीचा धूर नाही.

आता किड्याची गोष्ट. तो नक्की कोण, हे प्रयोगशाळेतून कळायला हवं. डॉक्टरांनी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना फोन करून विचारलं आणि त्याला ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत घातलं. तुमच्यावर वेळ आली तर हे लक्षात ठेवा: किडा अख्खा हवा, साध्या नळाच्या पाण्यात ठेवू नका आणि कशात ठेवायचा ते प्रयोगशाळेला आधी विचारा. बाटलीवर नाव, वय, तारीख आणि ‘डावा डोळा’ लिहून घ्या.

शुक्रवारी दुपारी बाटली हातात आली, आणि दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार. मग रविवार. सोमवारपर्यंत बाटली आमच्याकडे. सासूबाईंनी ती घरात घेऊ दिली नाही. ती गोठ्यात, पेंडीच्या डब्याच्या वर, झाकण घट्ट, वर प्लास्टिकच्या दोन पिशव्या, अशी मुक्कामी राहिली.

१२ तारखेला नवरा पहाटेच्या गाडीने आंबोलीमार्गे कोल्हापूरला गेला. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘पेशंट कुठाय?’

‘पेशंट घरी. किडा आणलाय.’

‘पेशंटशिवाय केसपेपर निघत नाही.’

दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, तिथून विभागात, विभागातून परत पहिल्या खिडकीवर. शेवटी डॉक्टरांचं पत्र आणि ऑपरेशनची नोंद दाखवल्यावर काम झालं. या दोन कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि पेशंटच्या आधारची प्रत बरोबर ठेवा. नवऱ्याने एकच नेली होती, म्हणून जेवायच्या सुट्टीआधीची वेळ हुकली. १२० रुपयांची पावती. रात्री साडेदहाला परतला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, की बाटली अजिबात गळली नाही.

मधे राखीपौर्णिमेची सुट्टी. २१ ऑगस्टला रिपोर्ट आला: डायरोफायलेरिया रेपेन्स, पूर्ण न वाढलेली मादी. त्याच्या कातडीवर सूक्ष्मदर्शकाखाली लांबीच्या दिशेने उभ्या रेघा दिसतात, मक्याच्या कणसावर दाण्यांच्या रांगा असाव्यात तशा, त्यावरून ओळखतात. कुत्र्याच्या हृदयात राहणारा त्याचा भाऊबंद वेगळा, त्याचं अंग गुळगुळीत.

डॉक्टरांनी हत्तीपायाचीही शंका फेडून घ्यायला सांगितलं. त्याचे जंत डासातूनच येतात, पण माणसाचे माणसालाच, आणि त्यांची पिल्लं आपल्याकडे रात्रीच रक्तात वर येतात. म्हणून रक्तही रात्रीच घ्यायचं. आरोग्य केंद्रात सांगून ठेवलं. २३ तारखेला रात्री साडेदहाला आरोग्यसेवक छत्री, टॉर्च आणि काचपट्ट्यांचा डबा घेऊन पावसातून आले. बोट टोचलं, रक्ताचे थेंब काचेवर घेतले. सासूबाईंनी त्यांना चहा केला आणि आपलंही बोट पुढे केलं, ‘बगा माजापन.’ घरातल्या सगळ्यांचंच घेतलं. आठ दिवसांनी निरोप आला, कुणाच्याही रक्तात काही नाही.

कुत्र्याचं सांगायचं राहिलं. २७ ऑगस्टला खंड्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पायातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शक लावला आणि मला म्हणाले, ‘या, बघा.’ तांबड्या पेशींच्या गर्दीत एक पारदर्शक चाबूक सटासट हलत होता, आजूबाजूच्या पेशी बाजूला ढकलत. मग आणखी एक. खंड्या आपला शेपटी हलवत उभा. त्याला दिसण्यासारखा काहीही त्रास नव्हता.

‘म्हणजे यानेच मला दिला?’

‘यानेच असं कसं म्हणता येईल? गावातले मोकळे कुत्रे आहेत, सड्यावर कोल्हे आहेत. याला तरी कुणी दिला? डासाने कुणाकडून आणला ते डासालाच ठाऊक.’

मी ते वाक्य घरी जसंच्या तसं सांगितलं. खंड्या राहिला. मानेवर महिन्यातून एकदा टाकायचं औषध सुरू झालं, एका वेळचे साधारण ७०० रुपये. हे वजनावर ठरतं आणि आधी रक्त तपासून घ्यायचं असतं, तेव्हा दुकानातून परस्पर आणू नका. संध्याकाळी तो आता बांधलेला असतो. बागेतल्या करवंट्या पालथ्या करायचं काम मुलीने अंगावर घेतलंय. पोफळीत दिवसाढवळ्या चावणाऱ्या पट्टेवाल्या डासांना एवढंसं पाणी पुरतं.

आता नोकरदारांसाठी थोडं कटकटीचं. मी १२ दिवस परिवर्तित रजा घेतली; म्हणजे अर्धवेतनी रजेतून दुप्पट, २४ दिवस कापले जातात, हे अर्ज करताना माहीत असू द्या. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. शेवटच्या तपासणीलाच ते मागून घ्या. मी विसरले आणि एका सहीसाठी पुन्हा सावंतवाडी. रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहिलं ते कुणाला वाचता येईना. ‘मराठीत लिहा,’ असं सांगण्यात आलं. मी लिहिलं: ‘डाव्या डोळ्यातील श्वान-कृमी.’ ते बिनबोभाट मंजूर झालं. वैद्यकीय बिल मात्र दोनदा त्रुटी लागून परत आलं: आजार यादीत नाही, आणि रात्रीचा मुक्काम नाही. तिसऱ्यांदा पाठवायचा उत्साह माझ्यात नव्हता. तपासण्या, ऑपरेशन, औषधं, प्रवास आणि खंड्याचा दवाखाना धरून १८,००० च्या आसपास गेले.

शाळेत परतले त्या दिवशी तिसरीतल्या त्या मुलाने पहिल्यांदा माझ्या डोळ्यात नीट बघून घेतलं. मी त्याला व्हिडिओ दाखवला. सगळ्या वर्गाने मधल्या सुट्टीत सात वेळा पाहिला. स्टाफरूमच्या बाईंनीही पाहिला, आणि माझा पेला परत ट्रेमध्ये आला.

२०२५च्या फेब्रुवारीत खंड्याचं रक्त पुन्हा तपासलं. दोन काचा बघितल्या, काहीही हललं नाही. त्या संध्याकाळी सड्यावर कोल्हेकुई सुरू झाली. खंड्या उठला, साखळी एकदा ताणून पाहिली आणि परत पोत्यावर पडला. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

‘सोड गो त्येका वायच,’ त्या म्हणाल्या.